तांब्याचा पत्रा आणि सहा इंची पान

१८०५ साली मिरजेत भगवद्गीता छापून निघाली. ती खिळे जुळवून छापलेली नव्हती. पुण्यातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या प्रोत्साहनाने आणि नाना फडणविसांच्या आश्रयाने एक तांबट तांब्याच्या पत्र्यावर उलटी अक्षरं कोरून ठसे घ्यायला शिकला होता. पुढे मॅलेट विलायतेला गेला, नाना वारले, पुण्यातलं वातावरण बिघडलं आणि हा कारागीर मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांकडे आला. गीता तिथे पुरी झाली. त्याच वर्षी तिकडे बंगालात, सेरामपूरच्या मिशन छापखान्यात, विल्यम केरीचं मराठी व्याकरण छापलं जात होतं. तिथे देवनागरीचे सुटे खिळे होते.

दोन्ही कामांचं मोल मोठं, पण त्यांच्यात एक फरक आहे. पत्र्यावर कोरलेला ‘क’ जन्मभर त्याच जागी बसतो. ओळ दोन अक्षरांनी आखूड करायची झाली तर पत्रा टाकून द्यायचा आणि नवा कोरायचा. खिळ्यांचं तसं नाही. फर्मा सोडला की तेच खिळे वेगळ्या रुंदीच्या पानासाठी पुन्हा जुळवता येतात.

फोनवर मराठी वाचताना हा फरक मला सारखा जाणवतो. आपण स्क्रीनवर जे मराठी वाचतो त्यातलं पुष्कळसं अजून मिरजेच्या पद्धतीचं आहे. दिवाळी अंकाची पीडीएफ, कवितेचा चौकोनी फोटो, स्कॅन केलेला जुना लेख, दोन रकान्यांत लावलेली मुलाखत. ही सगळी पानं कुणीतरी एकदाच, एका रुंदीला, कोरून ठेवलेली असतात आणि आपण दोन बोटांच्या चिमटीने ती फाकवत बसतो. ओळ वाचायची, उजवीकडे सरकायचं, पुन्हा डावीकडे येऊन पुढची ओळ शोधायची. तिसऱ्या परिच्छेदाला माणूस कंटाळतो आणि मग ‘मराठी मुलं वाचत नाहीत’ यावर परिसंवाद होतात.

पुस्तकाची समीक्षा होते तशी पानाचीही व्हायला हवी असं मला वाटतं. म्हणून हा प्रयत्न. उदाहरणं सातारा आणि सांगलीकडची घेतो आहे. एक तर तो माझा मुलूख आहे. दुसरं म्हणजे पानाचे इतके वेगवेगळे प्रकार या पट्ट्यात सापडतात की लांब जायची गरज नाही. (आणि हे दोन वेगळे जिल्हे म्हणायला तसे अलीकडेच झाले. १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ म्हणून जो जिल्हा वेगळा काढला, त्याचंच १९६० मध्ये सांगली झालं.)

आधी थोडं स्क्रीनबद्दल. फोनच्या जाहिरातीत रुंदी १०८० पिक्सेल लिहिलेली असते, पण तोच फोन वेबपानाला आपली रुंदी बहुधा ३६०च्या आसपास सांगतो. बारीक ठिपके तीन-तीन एकत्र धरून एक मोजायचा असा तो हिशेब आहे. तसं केलं नसतं तर अक्षरं मुंगीएवढी दिसली असती. २००७ साली पहिला आयफोन आला तेव्हा सगळी संकेतस्थळं संगणकाच्या रुंद पडद्यासाठी बांधलेली होती. म्हणून तो फोन सरळ खोटं बोलायचा. ‘मी ९८० पिक्सेल रुंद आहे’ असं पानाला सांगायचा आणि आलेलं पान दाबून बसवायचा. पानाने ‘मला तुझी खरी रुंदी सांग’ असं म्हणण्यासाठी एक ओळ लिहावी लागते. ती ओळ नसेल तर आजचे फोनही तसंच खोटं बोलतात. त्याच्याही आधीच्या काळात संकेतस्थळांच्या तळाशी ‘८०० × ६०० वर उत्तम दिसेल’ अशी सूचना असायची. म्हणजे पान तुमच्याकडे येणार नाही, तुम्हीच पानाच्या मापाचे होऊन या.

२०१० च्या मे महिन्यात ईथन मार्कोट या अमेरिकन डिझायनरने एक लेख लिहिला आणि प्रत्येक पडद्यासाठी वेगळं पान करण्यापेक्षा एकच पान पडद्याप्रमाणे वळणारं करावं, या विचाराला नाव मिळालं. रकान्यांची मापं टक्क्यांत द्यायची, चित्रं आकुंचन पावू द्यायची आणि अमुक रुंदीच्या खाली मांडणी बदल, असं पानालाच सांगून ठेवायचं. तंत्र म्हणून एवढंच आहे, आठवड्याभरात शिकता येतं. अवघड भाग तंत्राच्या आधी येतो. मजकुरातलं काय हलू द्यायचं आणि काय जागचं हलता कामा नये, हे कुणीतरी ठरवावं लागतं. ते ठरवायला मजकूर वाचावा लागतो. आपल्याकडे पान लावणारा मजकूर वाचत नाही आणि मजकूर वाचणारा संपादक पान दुसऱ्याच्या हवाली करून मोकळा होतो. खरी गोची तिथे आहे.

आपल्या जुन्या परंपरेला हा प्रश्न चांगलाच कळलेला होता. ज्ञानेश्वरीतली ओवी सांगताना कुणी पान क्रमांक सांगत नाही. अध्याय आणि ओवी सांगतात. पोथी आडवी असो की उभी, नकलकाराच्या कागदावर एका ओळीत वीस अक्षरं मावोत की पन्नास, नऊ हजारांच्या घरातल्या ओव्यांपैकी प्रत्येकीचा पत्ता पक्का राहतो. गीतेचे सातशे श्लोकही तसेच. पोथीत ओळ कुठेही मोडते, कधी शब्दाच्या मध्येसुद्धा, आणि त्याने काही बिघडत नाही, कारण दंड आणि आकडा जागेवर असतात. लेखनिकाने रुंदी सोडून दिली होती आणि ओवी धरून ठेवली होती. पान क्रमांक हा छापखान्याचा पाहुणा आहे. त्याची सवय इतकी झाली की फोनवरही पुस्तकाचं ‘पान’ शाबूत राहिलं नाही तर काहीतरी बुडालं असं आपल्याला वाटतं.

वाईला येऊ. मराठी विश्वकोशाचं काम वाईत झालं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक होते आणि पहिला खंड १९७६ साली निघाला. छापील विश्वकोशाचं पान मला फार आवडतं. मोठा आकार, दोन रकाने, बारीक टाइप, परिच्छेदाच्या सुरुवातीला ठळक अक्षरात उपशीर्षक आणि त्यालाच जोडून पुढचा मजकूर. कागद वाचवायचा होता आणि ज्ञान जास्तीत जास्त बसवायचं होतं, या दोन्ही गोष्टी त्या पानावर स्पष्ट दिसतात. पण त्या पानातली सगळ्यात हुशार गोष्ट वेगळी आहे. मजकुरात मध्येच एक बाण येतो आणि दुसऱ्या नोंदीचं नाव येतं. शेवटी ‘पहा’ असं म्हणून आणखी काही नोंदी सांगितलेल्या असतात. ग्रंथालयात वाचत असाल तर उठायचं, दुसरा खंड काढायचा, पानं उलटायची. म्हणजे वेबवरचा दुवा वाईच्या संपादकांनी कागदावर आधीच काढून ठेवला होता. पत्ता नोंदीचा होता, पानाचा नव्हता, त्यामुळे हा ग्रंथ वेबवर जायला जन्मतःच तयार होता.

त्याचा मजकूर आता वेबवर कुणालाही वाचता येतो, आणि मराठीत याच्या तोडीची सार्वजनिक गोष्ट दुसरी क्वचितच असेल. म्हणूनच अशा ग्रंथाबद्दल जास्त मागायला हवं. छापील रकान्यात चाळीस ओळींचा परिच्छेद नजरेच्या एका टप्प्यात मावतो. तोच फोनवर चार-पाच पडदे व्यापतो आणि आपण कुठून आलो, कुठे चाललो, काही कळत नाही. परिच्छेदाला चिकटलेलं ठळक उपशीर्षक कागदावर डोळ्याला थांबा देतं, फोनवर ते मजकुराच्या गर्दीत हरवतं. त्याला स्वतंत्र ओळ द्यायला हवी आणि अशा सगळ्या उपशीर्षकांची यादी नोंदीच्या माथ्यावर हवी, म्हणजे ‘कृष्णा नदी’ उघडणाऱ्याला थेट हव्या त्या भागात जाता येईल. यात एक अक्षरही बदलावं लागत नाही. बदलतो तो फक्त श्वास.

देवनागरीच्या स्वतःच्याही काही अडचणी असतात, त्या इंग्रजी पानाचे साचे आणून वापरणाऱ्यांच्या लक्षात येत नाहीत. आपल्या अक्षराला वर मात्रा, वेलांटी, रफार आणि खाली उकार, ऋकार लागतो. इंग्रजीच्या मापाने दोन ओळींत अंतर ठेवलं की वरचा ‘कृ’ खालच्या ‘र्मी’वर आदळतो. बटणाची उंची ठरावीक ठेवली की त्यातला रफार कापला जातो. शीर्षकाच्या अक्षरांत मोकळी जागा सोडणं इंग्रजीत ऐटदार दिसतं, मराठीत शिरोरेघ तुटते आणि सातारा हे गाव राहत नाही, तीन सुटी अक्षरं होतात. अरुंद रकान्यात दोन्ही कडा सरळ करायचा हट्ट धरला की शब्दांमध्ये खिंडारं पडतात, कारण आपले सामासिक शब्द लांब असतात आणि ब्राउजर ते मध्ये तोडत नाही. फोनवर मराठी मजकुराची उजवी कड वेडीवाकडीच ठेवावी. संपादक मंडळींना ते अव्यवस्थित वाटतं, हे मला माहीत आहे.

आता ज्या पानावर माझा सगळ्यात जास्त राग आहे त्याच्याकडे येतो. ते पान वाङ्मयीन नाही, पण सातारा-सांगलीत सर्वाधिक वाचलं जाणारं मराठी पान कदाचित तेच असेल. सातबारा.

गाव नमुना सात म्हणजे जमिनीच्या हक्काची नोंद, आणि बारा म्हणजे पिकांची. दोन्ही तक्ते आहेत. साताऱ्याच्या ‘सात’मध्ये काय किंवा सांगलीच्या, खातेदाराचं नाव एका रकान्यात, क्षेत्र दुसऱ्यात, आकार तिसऱ्यात, पोटखराबा पुढे, फेरफार क्रमांक त्यापुढे, कुळ आणि इतर अधिकार अगदी उजवीकडे. तक्त्यातला आकडा एकटा काहीच सांगत नाही. ‘०.४०.००’ हे क्षेत्र आहे हे त्याच्या डोक्यावरच्या मथळ्यावरून कळतं, आणि कुणाचं आहे हे त्याच्या डावीकडच्या नावावरून. एकाच वेळी वर आणि डावीकडे बघता आलं तरच तो आकडा वाचता येतो. सहा इंची पडद्यावर अक्षर दिसेल इतकं मोठं केलं की नेमकं हेच जमत नाही. नाव दिसतं तेव्हा क्षेत्र पडद्याबाहेर असतं, क्षेत्र दिसतं तेव्हा मथळा वर निघून गेलेला असतो.

विट्याजवळच्या आमच्या भावकीत आजोबांच्या पश्चात वारसनोंद झाली. भाऊ-बहिणी मिळून नावं लागली. कुणीतरी सातबाऱ्याची पीडीएफ घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. आत्या मुंबईला असते. तिने रात्री फोन केला. “आरं, माझं नाव हाय, पर नावाफुडं तर कायच न्हाई. समदं कोरं हाय.” मी म्हटलं, “आत्या, खाली सरक.” ती म्हणाली, “सरकलं की. खाली दुसऱ्यांची नावं हायत.” तिचं खरं होतं. एका खात्यात अनेक नावं असली की ती एकाखाली एक येतात आणि क्षेत्र प्रत्येकापुढे लिहीत नाहीत. सगळ्यात शेवटी ‘सामाईक क्षेत्र’ अशी एक ओळ येते आणि आकडा तिथे एकदाच असतो. कागदावर ही रीत कुणालाही उमगते, कारण नावांचा गट आणि खालचा आकडा एका नजरेत येतो. आत्याच्या फोनवर तिचं नाव होतं, आणि त्याच्यासमोर पांढरी जागा.

गावाकडून तिच्यामागे हक्कसोडपत्रावर सही करून दे म्हणून टुमणं सुरूच होतं. “तसं पण तुझ्या नावावर न्हाईच काय,” असं एक वाक्य कुणी हसत हसत टाकलं होतं, आणि पडद्यावरची ती पांढरी जागा त्या वाक्याच्या बाजूने साक्ष देत होती. मी तिला ती ओळ कुठे आहे ते दाखवलं, ‘सामाईक’ म्हणजे काय ते सांगितलं. तिने सही अजून केलेली नाही. करायची की नाही हा तिचा प्रश्न. पण तो प्रश्न सोडवताना समोर काय आहे हे तिला दिसायला हवं, इतकंच माझं म्हणणं.

इथे जाणकार सांगतील की तक्ता अरुंद पडद्यावर वळवता येत नाही. वेबपान सगळ्यांना वापरता यावं म्हणून जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत त्यांची २.१ ही आवृत्ती २०१८ साली आली. मजकूर ३२० पिक्सेल रुंदीतही आडवं न सरकता वाचता आला पाहिजे असं त्यात म्हटलंय आणि तक्ते, नकाशे अशा गोष्टींना सूट दिली आहे, कारण त्यांचा अर्थच दोन दिशांना पसरलेला असतो. सूट रास्त आहे. पण सूट म्हणजे विचार करायची मनाई नव्हे. तक्त्यातली प्रत्येक ओळ उचलून तिची एक चिठ्ठी करता येते. नाव, त्याखाली ‘खाते क्रमांक’, त्याखाली ‘क्षेत्र : इतरांसोबत सामाईक, एकूण इतके’, त्याखाली ‘फेरफार’. प्रत्येक आकडा आपला मथळा सोबत घेऊन येतो, वर बघायची गरज उरत नाही. रकाने मोडले, पण नाव आणि क्षेत्र यांचं नातं धरून ठेवलं. कायद्याच्या कामासाठी नमुन्यातली छापील प्रत असावीच, तिच्या चौकटीला मी हात लावा म्हणत नाही. वाचायची प्रत आणि दाखल करायची प्रत वेगळी असू शकते, एवढंच.

आणि बघा, चिठ्ठी करायची तर ‘सामाईक’चा अर्थ प्रत्येक नावापुढे लिहावा लागतो. तक्ता तो अर्थ जागेने सांगत होता, शब्दाने नाही. मांडणी मोडली की तिच्यात लपलेलं बोलणं उघडं लिहावं लागतं. हे समीक्षेचंच काम आहे. कवितेतल्या ओळीच्या मोडणीबद्दल आपण हेच करतो.

कवितेकडे वळायला मर्ढेकरांपेक्षा चांगलं निमित्त नाही. बा. सी. मर्ढेकरांचा जन्म खानदेशात फैजपूरचा, पण घराणं सातारा जिल्ह्यातल्या मर्ढे गावचं. ‘कांही कविता’ १९४७ साली आली, तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, ते सगळं तुम्ही अभ्यासक्रमात वाचलं असेल. मला इथे दुसरंच सांगायचं आहे. यंत्रयुगाचं इतकं नवं बोलणं मांडताना मर्ढेकरांनी ओवी-अभंगाचा जुना, आखूड साचा पुष्कळदा वापरला. त्यामुळे त्यांच्या कित्येक कविता फोनवर जशाच्या तशा मावतात. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरं. मर्ढेकरांची ओळ मुंबईच्या गर्दीसाठी जुळवली होती, ती आपल्या खिशातल्या पडद्यावरही मोडत नाही.

वृत्तातल्या लांब ओळींचं तसं नसतं. शार्दूलविक्रीडितात एका चरणाला एकोणीस अक्षरं. नेहमीच्या आकारात ती फोनवर कशीबशी बसतात, पण डोळ्यांना बरं म्हणून अक्षर जरा मोठं केलं की शेवटचा शब्द खाली पडतो. तरी वृत्ताला कान सांभाळून घेतो. म्हणून बघितलं की चरण कुठे संपला ते कळतं. खरी फसगत मुक्तछंदात होते. तिथे ओळ कुठे मोडायची हा कवीचा निर्णय असतो, बहुतेक वेळा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय. फोनने जागा नाही म्हणून मोडलेली ओळ आणि कवीने अर्थासाठी मोडलेली ओळ दिसायला सारख्याच असतात. म्हणजे तुम्ही आणि मी एकच कविता वाचली असं म्हणतो, पण माझा फोन रुंद असेल तर आपण दोन वेगळ्या कविता वाचलेल्या असतात. मुक्तछंदाच्या कविता गद्यासारख्या ओतून देणाऱ्या संपादकाला मी अरसिक म्हणेन. मग त्याची निवड कितीही चांगली असो.

यावर आपल्या पिढीने काढलेला तोडगा म्हणजे चौकोनी चित्र. कविता १०८० बाय १०८० च्या चौकोनात लिहायची, मागे पावसाचा फोटो, आणि इन्स्टाग्रामवर टाकायची. ओळी हलत नाहीत, कवी खूश. हा तोडगा मला समजतो, पटत नाही. चित्रातली कविता शोधून सापडत नाही. तिचं अक्षर मोठं होत नाही. ज्याला दिसत नाही त्याचा फोन ती वाचून दाखवू शकत नाही. आणि हळूहळू कवीच चौकोनाच्या मापाने लिहायला लागतो. दहा ओळींच्या वर जाणारी कविता अलीकडे का दिसत नाही, याचं थोडं उत्तर त्या चौकोनात असावं असा माझा संशय आहे.

पीडीएफच्या बाजूनेही एक गोष्ट मान्य करायला हवी. काही मजकुराचं पान हाच मजकूर असतो. व्यंगचित्रमाला, सुलेखनाने मांडलेला विशेषांक, अक्षरांच्या आकृतीतून बनलेली कविता. तिथे पत्राच कोरावा आणि मनापासून कोरावा. तक्रार आहे ती साध्या कथा-लेखांसाठी पत्रा कोरण्याबद्दल. दोनशे पानांचा अंक दोन रकान्यांत लावून, तिसऱ्या पानावर फराळाच्या जाहिराती घालून, वर ‘आता मोबाइलवरही वाचा’ असं लिहायचं, याला काय म्हणावं?

कवितेच्या ओळीला चित्रात कोंडायची गरज नसते. ओळ मोडलीच तर उरलेला तुकडा दोन-तीन अक्षरं आत सरकून यावा, असं पानाला एकदा सांगून ठेवता येतं. छापील संग्रहातही लांब ओळ उरली की ती अशीच आत घेतात. डोळ्याला लगेच कळतं की ही मोड जागेची आहे, कवीची नाही. वृत्ताच्या बाबतीत आणखी एक पाऊल पुढे जाता येईल. जागा कमी पडली तर ओळ कुठे मोडलेली चालेल, अशी बारीक खूण मजकुरात न दिसता पेरता येते. ब्राउजर गरज लागली तरच तिथे मोडतो, नाहीतर खूण अदृश्य राहते. ती कुठे पेरायची हे छंदःशास्त्राने केव्हाच सांगून ठेवलंय, यती म्हणून. शार्दूलविक्रीडितात बाराव्या अक्षरानंतर, स्रग्धरेत दर सात अक्षरांनी, मंदाक्रान्तेत चौथ्या आणि दहाव्या अक्षरानंतर.